तलावावरची चौपाटी

शिंगाडेवाल्या मावशी नसत्या, तर आमची चौपाटी बांधूनही ओसच राहिली असती.

आठवीतून शाळा सोडलेला मी, चौपाटीचं काम आहे म्हणून कोकणातून इतक्या लांब अड्याळ गावी आलो, तर समोर तलाव! काठावरची बंद पडलेली बाग आम्ही गवंड्यांनी चौपाटी म्हणून पुन्हा उभी केली. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या एकट्या माझ्या भरवशावर होत्या. त्याच तलावातले शिंगाडे काढून विकणाऱ्या मावशी मला नावानं कधी हाक मारत नसत. "का रे समुद्र, तुह्या समुद्रात शिंगाडे होतेत का? मंग कायचा समुद्र!" म्हणत, आणि मूठभर उकडलेले शिंगाडे हातावर ठेवत.

उद्घाटनाला सगळं गाव फाटकाशीच थांबलं. चकचकीत फरशीवर पाय ठेवायला कुणी धजेना. माणसंच बसणार नसतील, तर मी बांधलं कुणासाठी? तेवढ्यात मावशी चिखलाच्या पायांनी तरातरा आत गेल्या, शेवटच्या पायरीवर बसल्या आणि पाण्यात पाय सोडून ओरडल्या, "काहून उभे हा बाप्पा? पोट्ट्यानं पायऱ्या का नुसत्या पाहाले बांधल्या?"

गाव आत लोटलं. संध्याकाळी फरशीभर चिखलाची पावलं होती. मी ती पुसली नाहीत.

मावशींना एकदा माझ्या समुद्रावर नेणार आहे. त्या त्याला नावं ठेवतील, आणि मी हो म्हणेन.