दुसरा रोट

पोर्तुगीज अमलात सावंतवाडीकडून गोव्याच्या खाणींवर कामाला आलेल्या पहिल्या कुटुंबांवर मी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा वाटलं होतं, माणसं भरभरून बोलतील. कसलं काय. पाळी या खाणीजवळच्या गावात ज्या काकींकडे जायचे, त्या चहा द्यायच्या, पाट मांडायच्या आणि कधी आलात विचारलं की फटकारायच्या.

“आमी हयचेच. तुका कोणी धाडल्यान?”

त्यांचंही बरोबर होतं. घर त्यांचं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. गोवा मुक्तीनंतर कायदा झाला, राहत्या घरावर हक्क मिळेल अशी आशा लागली, उपरे ठरलो तर तो जाईल अशी भीतीही, आणि त्यांचा खटला मामलेदाराकडे पडून होता. अशा दिवसांत चौकशा करणारी बाई भाटकाराने पाठवलेली नाही कशावरून? मलाही त्यांचा संशय येई. बोलणं अस्सल मालवणी आणि म्हणे इथल्याच.

एकदा न कळवता गेले, तर चुलीपाशी दोन जाड रोट. एक पाळीच्या राखणदाराला, गावची सीमा राखणाऱ्या देवाला. तो आम्हीही देतो. दुसरा त्यांनी परसात उत्तरेकडच्या दगडावर ठेवला, मागे राहिलेल्या गावाच्या राखणदारासाठी. मी बघितलं म्हणून आधी चिडल्या, मग म्हणाल्या, “सोडून इलंव म्हणान तेका उपाशी ठेवू काय?”

मला माझी कादंबरी सापडली. मी हरखून गेले.

आठवड्याभरात भाटकाराचा पुतण्या मानकुराद आंबे घेऊन आमच्या दारात हजर. इतकी वर्षं त्याने कधी ओळख दाखवली नव्हती. “इतिहास लिहिताय म्हणे. पाळीची ती माणसं कधीची हो?” मी आंबे ठेवून घेतले आणि कादंबरीत सगळं मनचंच असतं, असं सांगून त्याला वाटेला लावलं. पण रोटाचं प्रकरण छापलं, तर हा ते मामलेदारापुढे नेणार, याची खात्री पटली.

मी ते लिहिलेलं प्रकरण काकींना वाचून दाखवलं. ऐकून त्या म्हणाल्या,

“कादंबरी म्हणजे खोटाच मां ता? मग दुसरो रोट तुमच्या घरात ठेव. तुमका कोण भायर काढतलो?”

खरंच कोण काढणार? मये गावात आमचं घर पिढ्यानपिढ्यांचं, देवळात मान. तरी मी घरी विचारायचं ठरवलं. सासऱ्यांना सांगितलं, तर ते भडकले, “लोक आपल्यालाच उपरे म्हणतील.” मी हट्टाने तसंच लिहिलं. मयेचं जुनं घर, तिथली सून, तिचे दोन रोट. पाळीचं नावसुद्धा येऊ दिलं नाही.

निकाल काकींच्या बाजूने लागला. तोवर पुस्तक आमच्या गावात फिरलं होतं. त्या वर्षी जत्रेत आम्ही नेहमीप्रमाणे ओटी घेऊन पुढे झालो, तर ओळखीतल्याच एका बाईने हसत सासूबाईंना विचारलं, “वहिनी, तुमचं घराणं मूळचं कुठलं म्हणायचं?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. कारण मला ठाऊक होतं, पण दुसरा रोट खरा कुणाच्या घरचा, ते तिथे सांगता येत नव्हतं.