अर्धं बॉनेट

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण मधेच कुणी फिदीफिदी केलं की माझं डोकं फिरतं आणि किस्सा राहतो बाजूला. तहसील कचेरीपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत भल्याभल्यांना ज्याने बातमीतून घाम फोडला, त्या माणसाला पॉलिशच्या एका डब्याने कसा घाम फोडला, ते सांगतो.

तेव्हा मला शिरूरला बातमीदारी करून बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नव्हता. 'सदर वृत्त अनवधानाने चुकीचे प्रसिद्ध झाले' हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. लोक पदव्या मिरवतात, मी हे मिरवायचो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. दौंडला भाचीचा साखरपुडा होता, म्हणून केंदूरहून सासऱ्यांची गाडी चार दिवसांसाठी मागून आणली. सासरे म्हणजे आप्पा. त्यांच्या वडिलांची उमर मेंढरांमागे कोकणापर्यंत चालण्यात गेली. आप्पांनी जमीन केली, विहीर पाडली आणि साठीला टेकल्यावर एका डॉक्टरची वापरलेली लाल गाडी घेतली. वस्तीवरची पहिली गाडी! किल्ली देताना म्हणाले, "पावणं, पोरगी दिली तवा काय बोललो न्हाई. पर गाडीला जपा."

आता एवढं ऐकल्यावर माणसाने गाडी न्यावी आणि गुपचूप परत आणून लावावी की नाही? पण साखरपुड्यात मुलाच्या मामाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चारचौघांत विचारलं, "ही लाल म्हनायची का विटकरी?"

मला राग आला. मला तो लवकर येतो. तिथेच ठरवलं, आप्पांना गाडी परत द्यायची ती आरशासारखी करून.

शिरूरच्या बाजारपेठेत तेव्हा स्पेअर पार्टचं एकच दुकान, बबनशेठचं. त्याने काउंटरवर तीन डबे मांडले.

"साहेब, हे पॉलिश. रंगावरचा जुना, मेलेला थर काढतं. हे वॅक्स, त्याच्यावर बसतं, चमक धरतं. तीन-चार महिने टिकतं. आन् हे सीलंट, नवीन आलंय. वॅक्सच्या जागी मारायचं. महाग हाय, पर वर्षभर बघायला नको."

"म्हणजे आधी काढायचं, मग लावायचं?"

"व्हय."

"आणि दोन्हीचे पैसे मी द्यायचे?"

"आता साहेब, दाढी केल्यावर क्रीम लावता का न्हाई?"

"मी तुरटी फिरवतो!"

गिऱ्हाइकाच्या गळ्यात तीन-तीन डबे मारायचा हा धंदा मी ओळखून होतो. बाणेदारपणे एकच डबा उचलला, पॉलिशचा. तो मागून काहीतरी सांगत होता, "वाळू द्या, मंग पुसा, थोडं थोडं घ्या..." पण मी तत्त्वासाठी दुकान सोडलं होतं. तत्त्वासाठी निघालेला माणूस मागे वळून बघतो का?

घरी कडुलिंबाच्या सावलीत गाडी घेतली, जुना बनियन घेतला आणि बॉनेटचा उजवा अर्धा भाग घासायला लागलो. बनियन गुलाबी झाला. म्हटलं, दौंडहून येतानाची, न्हावऱ्याच्या रस्त्याची धूळ. जोर लावला. बनियन लाल झाला. दुसरी बाजू घेतली. तीही लाल! आणि बॉनेटवर? बॉनेटवर पांढुरका, गुलाबी, कोड फुटल्यासारखा राप!

धूळ कसली? आप्पांच्या गाडीचा रंग माझ्या बनियनवर आला होता!

बायको, सुमन, बाहेर आली आणि बनियन बघून किंचाळली. "अगं बाई! लागलं का कुठं?"

"मला नाही लागलं. लागणार आहे. केंदूरहून."

तिने बॉनेट बघितलं आणि भिंतीला टेकली. "अहो, आप्पा त्या गाडीला अंगारा लावतात."

मी ताडपत्री ओढून गाडी झाकली. असं झालं की शहाणा माणूस दुकानदाराकडे जातो. मी फॅक्सच्या दुकानात गेलो. 'पॉलिशमध्ये रंग खाणारे रसायन? शिरूरला वाहनधारकांची फसवणूक' अशी तीन परिच्छेदांची बातमी पुण्याला धाडली. डेस्कवरून फोन आला.

"वाहनधारक म्हणजे किती जण?"

"सध्या एक. चौकशी केली तर वाढतील."

"दुकानदाराचं म्हणणं घेतलं का?"

"चोराचं कसलं म्हणणं?"

नव्या वार्ताहरांना मी काय शिकवायचो माहीत आहे? ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला आधी विचारा. जाऊ द्या.

सकाळी बातमी आली. दुकानाचं नाव नव्हतं, पण 'बाजारपेठेतील एका स्पेअर पार्ट विक्रेत्याकडे' म्हटल्यावर उरलं काय? नऊ वाजेपर्यंत वडापच्या, सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपवाल्यांनी बबनशेठच्या दारात डबे परत करायला गर्दी केली. आणि केंदूरला दूध डेअरीवर कुणीतरी पेपर मोठ्याने वाचला. त्यात मी शहाण्याने लिहिलं होतं, 'एका लाल मोटारीचे बॉनेट निकामी'.

अकराला आप्पा दारात. धोतर, कोट, हातात पेपर. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"गाडी कुठं हाय?"

"आप्पा, आधी चहा..."

"जिती हाय का न्हाई, तेवढं सांगा!"

मी ताडपत्री काढली. आप्पा बॉनेटपाशी उभे राहिले. मेंढराची लोकर चाचपावी तसा त्यांनी त्या पांढुरक्या रापावर हात फिरवला. हाताला भुकटी लागली. मग खांद्यावरच्या उपरण्याचं टोक घेऊन हळूच पुसलं. मी डोळे मिटले.

"आरं तिच्या मायला!"

मी डोळे उघडले नाहीत.

"पावणं, ह्यात माझं थोबाड दिसतंय की!"

बघतो तर काय! पुसलेल्या पट्ट्यात कडुलिंबाची पानं दिसत होती. न घासलेलं बॉनेट विटकरी, आणि हा पट्टा लालभडक, कुंकवासारखा. रंग गेलाच नव्हता. वर मरून पडलेला थर तेवढा निघाला होता, आणि मी वाळलेलं पॉलिश पुसायच्या आधीच पळालो होतो.

आप्पांची गाडी वाचली. पण माझं? माझी बातमी आता सरळ सरळ खोटी होती. बावीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. तेवढ्यात फाटकात बबनशेठ, आणि मागे सहा जीपवाले.

"साहेब, खुलासा पायजे. पयल्या पानावर."

मी खुर्ची पुढे केली. "बबनशेठ, काहीतरी मध्यम मार्ग..."

"मध्यम? डबं परत घेऊन घेऊन हात दुखाय लागलं माझं!"

एक जीपवाला म्हणाला, "आन् माझं फडकं लाल झालं, ते?"

"तुझी जीप लाल हाय, म्हणून!" बबनशेठ ओरडला. "हिरवी आसती तर हिरवं झालं आसतं!"

अखेर आप्पा मधे पडले. सोसायटीच्या निवडणुका बघितलेला माणूस. "खुलासा कोन वाचतंय, शेठ? उद्या बाजार हाय. राहिलेली गाडी पावणं तुमच्या दुकानाम्होरं सोताच्या हातानं घासतील. लोकांना डोळ्यांनी बघू द्या."

बबनशेठ विचारात पडला. आप्पांनी लगेच खुंटा हलवून बळकट केला. "आन् डाव्या अंगाला वॅक्स, उजव्या अंगाला सीलंट. पावसाळ्यात बघू, कुठल्या अंगावरनं पाणी झरझर वघळतंय. डबं पावण्यांच्या खर्चानं."

खुलासा टळत होता. मी डबे काय, दुकान विकत घेतलं असतं!

दुसऱ्या दिवशी भर बाजारात, बाह्या सारून, मी गाडी घासली. भोवती ही गर्दी! "गोल फिरवा हात, गोल!" असं मला एक भाजीवाली सांगत होती. आप्पा खुर्ची टाकून बसले होते आणि फक्त एवढंच म्हणत होते, "दाराखाली ऱ्हायलं." दुपारपर्यंत गाडी अशी चकाकली की डबे परत केलेले जीपवाले पुन्हा रांगेत उभे राहिले. बबनशेठने मला उसाचा रस पाजला. मी सुटलो म्हणून नि:श्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकात फोटो! मी, फडकं, बॉनेट. फोटोखाली ओळ वाचली: 'शिरूरच्या बाजारात ग्राहकांना प्रात्यक्षिक दाखवताना पॉलिश कंपनीचा कामगार'.

कामगार? मी? धादांत खोटी बातमी! माझं म्हणणं घेतलं का कुणी? मी तिरीमिरीत कागद ओढला आणि त्यांच्या संपादकाला खुलाशाची मागणी लिहायला बसलो.

सुमन चहा घेऊन आली. फोटो बघितला, कागद बघितला. "लिहा की. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं नीट लिहा. पहिल्या पानावर छापा म्हणावं."

मी पेनाला टोपण लावलं. इतकी चुकीची आणि इतकी सोयीची बातमी मी उभ्या आयुष्यात वाचलेली नाही.