बिनभाकरीचं ताट

स्टोव्हवर दूध चढवलं होतं, फडक्यातून गाळलेलं पाणी हंड्यात ओतत होते आणि दाढीला किती पाणी घ्यायचं यावरून आमचे हे माझ्याशी हुज्जत घालत होते. शहाऐंशीचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि धाराशिवात घरोघरी सकाळी हीच हुज्जत चालायची. टँकर आला तर आला. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दाराने येणारी बाई एक तर विरजण मागायला येते, नाही तर पुढच्या दारात उभं राहून सांगता येणार नाही असं काही घेऊन येते. दार उघडलं तर शेजारची सुमन. पदराआड काहीतरी झाकलेलं.

"ताई, आज पुन्हा लाल झालं," ती म्हणाली. "माझेच डोळे फसत असतील. तुम्ही एकदा करून बघा ना."

पदराआड औषधाची छोटी बाटली होती आणि तिच्यात तिच्या नवऱ्याची सकाळची लघवी. मच्छिंद्रला साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली देऊन सांगितलं होतं, की रोज सकाळी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळा. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तरी चालेल. पिवळं झालं तर जपा. विटेसारखंच होत राहिलं तर माझ्याकडे या.

कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं म्हणून गल्लीत माझ्या नजरेला मान होता. मागच्या पडवीत स्पिरिटचा दिवा पेटवून मी नळी धरली. निळं पाणी हिरवट झालं, पिवळं झालं, तिथं थांबेल असं वाटलं, आणि मग तळापासून विटकरी गाळ वर चढत आला. सुमन नळीकडे बघतच नव्हती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"रात्री जेवला काय?"

"शेपू. नुसता परतलेला. भाकरीचा तुकडा नाही, भाताचं शीत नाही. मग हे येतं कुठून, ताई?"

मच्छिंद्र दूध संघाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. पहाटे गावोगावचे कॅन गोळा करायचे आणि ऊन चढायच्या आत डेअरीवर आणायचे. उन्हाळ्यात इंजिनच्या धगीने ट्रकच्या केबिनचा पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो. स्लिपर घासून पातळ झालेली, आणि एके दिवशी त्याच्या तळपायाला हा मोठा फोड आला. भाजलेलं त्याला कळलंच नाही. घरी आल्यावर आईने पाय बघून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आगं, दुखत न्हाय." ते न दुखणंच वाईट होतं. फोड फुटला, जखम भरेना, तेव्हा कुठं साखर तपासली गेली. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, की साखर उतरली तर जखम भरेल, नाही तर पायाचं मी सांगू शकत नाही. ज्याचं पोट ब्रेकवरच्या पायावर चालतं, त्याला याहून वेगळं काय सांगायचं?

रात्रीचं जेवण कसं करायचं ते मीच त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन दाखवलं होतं. लोखंडी तवा चांगला तापू द्यायचा, तेल चमचाभर, त्यात ठेचलेला लसूण आणि मिरची. पाला धुऊन निथळून टाकायचा, झाकण ठेवायचं नाही, मोठ्या आचेवर सारखं परतायचं, आणि अंगचं पाणी सुटायच्या आत खाली उतरवायचं. वर दाण्याचा कूट. एखाद्या दिवशी अंडं फोडून त्यातच फिरवायचं, एखाद्या दिवशी उभा चिरलेला कोबी नि गवार. सरपण कमी लागतं, पाणी कमी लागतं, चुलीपुढं ताटकळत बसावं लागत नाही. बाजारात भाजी महाग झाली तशी आमच्या परसातल्या शेवग्याचा पाला मी त्यांच्यासाठी राखून ठेवू लागले. पाला धुतलेलं पाणी जाईबाई त्याच झाडाच्या बुडाशी आणून ओतायच्या.

मला सांगायचं आहे ते या जाईबाईंबद्दल, म्हणजे मच्छिंद्रच्या आईबद्दल.

त्या मूळच्या तामलवाडीच्या. हाडापेराने मजबूत, बोलायला त्याहून मजबूत. सुमन मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. दुपार कलली की ती तिकडे भाकऱ्या थापायला जायची, त्यामुळे घरचं संध्याकाळचं ताट जाईबाईंच्या हातात. पहिल्या दिवशी मी भाजी तव्यावरून ताटात काढली तेव्हा त्या बराच वेळ ताटाकडे बघत राहिल्या.

"आन् भाकरी?"

"भाकरी नाही, मावशी. हेच जेवण."

"ह्ये जेवान? आवो बाई, ह्ये तर तोंडी लावायचं झालं. जेवान कुठाय?"

बाहेरच्या खोलीतून मच्छिंद्र ओरडला, "आये, आता मला दावणीलाच बांध. चारा खायलोय, दूधबी देईन. संघात घालू आपलंच."

सगळे हसलो. जाईबाई हसल्या नाहीत. बिनभाकरीचं ताट उचलून नेताना त्यांनी त्याच्यावर पदर धरला, कोणाच्या नजरेला पडू नये असा.

त्यानंतर महिनाभर मी बघत होते. मच्छिंद्र गोळ्या घेत होता, चहा बिनसाखरेचा पीत होता, कुरकुरत का होईना पण जे येईल ते खात होता. "आईच्या हातची भाजी बरी हाय," एकदा तो मला म्हणाला. "तुमी करून दाखवली ती पोटात ऱ्हायना. ही धरून ऱ्हाते." तेव्हा मला तो आईचा मान वाटला. नळीतला रंग मात्र पिवळ्याच्या खाली उतरेना, आणि पाय घोट्यापाशी सुजायला लागला. सूज वाढली तसा रंगही गडद झाला. आणि आता हा विटकरी गाळ.

सुमनला त्या सकाळी मी एवढंच म्हटलं, "आज संध्याकाळी मी पाला घेऊन येते."

गेले तेव्हा तिन्हीसांजा होत होत्या. मच्छिंद्र बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली पडून होता, पाय उशीवर. जखमेला एक गोडसर, कुजका वास येत होता, उदबत्तीनेही न झाकला जाणारा. आत जाईबाईंची माझ्याकडे पाठ होती. तवा तापला होता, लसूण तांबूस झाला होता. अगदी मी दाखवलं तसं. त्यांनी पाला टाकला, चार वेळा परतला. मग उजवा हात शेजारच्या डब्यात गेला आणि मूठ भरून ज्वारीचं पीठ भाजीवर पेरलं. परतलं. पुन्हा मूठ. पुन्हा परतलं. पाण्याचा हबका मारून वर ताटली झाकली. एका भाकरीचं पीठ सहज गेलं असेल.

"मावशी, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. मागे वळून फक्त आवाज खाली आणला. "हळू बोला. त्याला ऐकू जाईल."

"किती दिवस चाललंय हे?"

"पयल्यापासून. आधी चिमूट घालायचे. पाय सुजायला लागला तवापासून मूठ घालायले." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "म्या काय इख घालायले व्हय त्यात? पीठ हाय."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"डाक्टरनं पाय बघितला का? कसा सुजलाय? म्या बघितलेत असले पाय."

मग चुलीपुढं बसूनच त्यांनी सांगितलं. मच्छिंद्र लहान असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होते सगळे. कोंडिबा, त्यांचे मालक, आपल्या वाटणीची भाकरी लेकराला द्यायचे आणि स्वतः रानातल्या तरोट्याचा पाला मीठ लावून परतून खायचे. तेलाचं बोटही नसायचं. रोज तेच. सुरुवातीला हसायचे, म्हणायचे, शेळ्या जगतात की. मग एके दिवशी पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. शेजारच्या टोळीतल्याही दोघांचे तसेच सुजले होते. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, ही पाल्याची सूज, पोटात दाणा गेला तर उतरेल. दाणा मिळेपर्यंत कोंडिबाच राहिले नाहीत.

"त्येच ताट, बाई," जाईबाई म्हणाल्या. "नुसता पाला. आन् त्येच्यावर तसाच सुजलेला पाय. तुमी लई शिकल्या, पर तुमी पाल्यावर जगल्या न्हाय. माझ्या हातानं मी दुसऱ्यांदा तसलं ताट वाढू व्हय?"

मला त्यांना खोटं पाडता येईना. त्यांनी जे पाहिलं होतं ते खरंच होतं. त्या उपाशी माणसाचा पाय ओळखत होत्या. हा पाय उपाशी माणसाचा नव्हता, आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसत होते. प्रत्येक संध्याकाळी सूज बघून त्या मूठ वाढवत होत्या, आणि मुठीमागे सूज.

"मावशी, माझं ऐका," मी म्हटलं. "थोडे दिवस पीठ घालू नका. मी रोज सकाळी नळी तुमच्या समोर उकळते. रंग तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. तुमचं खरं निघालं तर मी स्वतः भाकरी थापून देते."

"आन् तवर त्याला काय झालं तर?"

मी आणलेला पाला त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी झाकणाखालची भाजी बघितली. मग ती एका वाटीत काढून स्वतःसाठी बाजूला ठेवली, तवा पुसला आणि तो पाला नव्याने टाकला. त्या रात्री मच्छिंद्र म्हणाला, "आये, आज भाजी झोंबायलीय. रुसलीस का काय?"

सकाळच्या नळीला आता त्या स्वतः यायच्या. पडवीत उकिडव्या बसायच्या, पदर तोंडाशी धरून. पहिल्या दिवशी विटकरी. दुसऱ्या दिवशी नारिंगी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघा, काही झालं का? पुढं पिवळा आला. आणि मग एका सकाळी हिरवा. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यासारखा स्वच्छ हिरवा. मी नळी उजेडात धरली. जाईबाईंनी ती हातात मागून घेतली, उलटसुलट बघितली, गरम काचेने बोट पोळलं तरी सोडली नाही.

"म्हंजी येवढं सगळं माझं होतं," त्या म्हणाल्या.

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून सुमनची हाक आली. ती जखम धुवायला बसली होती. आम्ही गेलो तर तिने पट्टी हातात तशीच धरलेली. अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळं पडलं होतं, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं. मच्छिंद्र आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. "काय झालं? दुखत तर न्हाय," तो म्हणाला.

दुपारच्या एसटीने त्याला सोलापूरला नेलं. बोट काढलं. सर्जनने सांगितलं की काळेपणा वर चढतो की तिथंच थांबतो ते आता साखरेवर आहे, तूर्त घरी न्या, पायाच्या रंगावर लक्ष ठेवा, काळेपणा चढला तर पुढच्या वेळी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. एवढं तो मच्छिंद्रसमोरच बोलला. मच्छिंद्रने विचारलं, "मग ट्रक?"

पिठाची गोष्ट जाईबाईंनीच सुमनला सांगितली, तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, काही न लपवता. सुमन ऐकून उठली आणि नळावर जाऊन उगाच तोंड धूत राहिली. घरी आल्यावर तिने सासूशी बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर वसतिगृहात जायची, तिथल्या पोरींच्या भाकऱ्या थापायची आणि येऊन नवऱ्याच्या पायाशी बसायची. नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं, संघाने मच्छिंद्रच्या जागी दुसरा ड्रायव्हर घेतला होता. त्यामुळे संध्याकाळचं ताट पुन्हा जाईबाईंकडेच आलं. सुमनने जाताना एकदाच म्हटलं, तेही भिंतीकडे बघून, "आज कोबी आहे."

पाय अजून सुजलेलाच होता. सूज आधी उतरेल की काळेपणा आधी चढेल, हे सोलापूरच्या डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं. सकाळी नळीत रंग कधी हिरवा यायचा, कधी पिवळ्याकडे झुकायचा, आणि पिवळा आला की सुमन सासूकडे बघायची.

अशाच एका संध्याकाळी आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. जाईबाई होत्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"पाय आज जास्त सुजलाय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय, ती सूज येगळी. तुमी दावलंय, म्या बघितलंय. पर तवा तापला, पाला टाकला, का माझा हात आपसूक डब्याकडं जातो. काल गेला व्हता. झाकण उघडल्यावर मला कळलं." त्यांनी तो हात पदराआड घेतला. "मला काय दुसरं नगं, बाई. म्या त्याची भाजी परतते तेवढा येळ तुमी रोज माझ्याजवळ येऊन बसा."