डाव्या खिशातला परवाना

"आधी सांगायचं, मग हलायचं," असं म्हणून ताईंनी दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीला आणून दाखवले. बोटं पसरलेली, नजर समोर. हे सगळं जर्मनीत, ड्रेस्डेनमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, पायाशी कांद्या-बटाट्यांची पिशवी ठेवून त्या करत होत्या, म्हणून मला हसू आलं.

"हसा भाऊ," त्या म्हणाल्या. "पण कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाचा हात पोलिसाला न सांगता हलला, की मग कोणी हसत नाही."

ताई माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मूळच्या नागपूरच्या. तिकडे पोलीस शिपाई होत्या. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, तेव्हा नोकरी सोडून आल्या. अशा आलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. चांगली नोकरी मागे टाकून आलेल्या, आणि इथे मुलीच्या डब्यात काय द्यायचं यावर दिवस काढणाऱ्या. ताईंनी तसे दोन हिवाळे काढले. त्याच काळात जर्मन शिकल्या, सुरक्षारक्षकाची परीक्षा दिली, मग हत्यारांची. आणि दुकानांची रोकड बँकेत पोचवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. चिलखती गाडी, गणवेश, आणि उजव्या कमरेला, सगळ्यांना दिसेल असं, पिस्तूल.

या देशात असं पिस्तूल लावून फिरायचं तर वाफेनशाइन लागतो, म्हणजे हत्यार बाळगून फिरण्याचा परवाना. पोलिसांनी मागितला की तिथल्या तिथे दाखवायचा. ताईंचा परवाना ओळखपत्रासकट छातीवरच्या डाव्या खिशात असे. "पिस्तूल उजवीकडे, कागद डावीकडे. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

त्यांना तो वरचेवर दाखवावा लागे. त्यांच्या जोडीला एक उंच, पांढऱ्या मिशांचा जर्मन सहकारी होता. 'या' म्हणजे हो, आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, एवढ्या दोन शब्दांत तो अख्खी पाळी काढायचा. त्याच्याही कमरेला तसंच पिस्तूल. पण त्याला कधी कोणी थांबवलं नव्हतं.

"तुम्हालाच काहून विचारतात, ताई?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"काहून ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. विचारणं त्यांचं काम, दाखवणं माझं. त्यात माझी मान खाली जायचं कारण नाही."

मग तो शनिवार आला. थंडी कडाक्याची होती. कंपनीची नवी, पाठीवर नाव असलेली जॅकेटं आली होती, पण बायकांच्या मापाची नव्हती. सगळ्यांत लहान होतं तेही ताईंच्या गुडघ्याशी येई आणि पिस्तूल झाकून टाकी. झाकलेलं पिस्तूल त्यांना पसंत नव्हतं. म्हणून साहेबांच्या परवानगीने त्या स्वतःचं साधं काळं आखूड जॅकेट घालून निघाल्या.

आमच्या सुपरमार्केटच्या दारातच बेकरी आहे. मी तिथे ब्रेडच्या रांगेत होतो. सहकारी आत रोकड घ्यायला गेला होता, गाडी कोपऱ्यापलीकडे, आणि ताई दाराशी एकट्या उभ्या. आम्ही नजरेनेच जय भीम केला; कामावर त्या गप्पा मारत नसत. तेवढ्यात बाहेरून ओरडण्याचा आवाज आला. कोणीतरी फोन केला होता, काळ्या जॅकेटातली परदेशी बाई पिस्तूल घेऊन उभी आहे म्हणून. दोन पोलीस, एक तरुण बाई आणि एक पुरुष, पिस्तुलं रोखून दारात होते.

रांग मागे सरकली. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. ताईंचे तळवे मात्र खांद्याशी पोचलेसुद्धा होते.

"मी सुरक्षारक्षक आहे," त्या जर्मनमध्ये सावकाश, मोठ्याने म्हणाल्या. "पिस्तूल उजव्या कमरेला. त्याला मी हात लावणार नाही. परवाना डाव्या खिशात. मी काढू, की तुम्ही काढता?"

"तुम्ही काढा. हळू," पोलीसबाई म्हणाली. तिचाच आवाज कापत होता.

डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताईंनी परवाना बाहेर काढला. वायरलेसवर चौकशी झाली, पिस्तुलं खाली आली. तेवढ्यात आतून मिशीवाला सहकारी रोकडीची पेटी घेऊन बाहेर आला. पोलिसाने त्याच्या कमरेकडे पाहिलं आणि सहज मान हलवून त्याला वाट करून दिली.

"थांबा," ताई म्हणाल्या. "यांच्याकडेही पिस्तूल आहे. यांचाही परवाना बघा."

पोलीसबाई लाल झाली. पण तिने विचारलं. सहकाऱ्याने एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. परवाना गाडीत, सँडविचच्या डब्याखाली होता! इतक्या वर्षांत कोणी मागितलाच नव्हता. पोलीस त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेले, परवाना पाहिला आणि त्याला रीतसर समज दिली. पुढचे काही दिवस तो ताईंशी 'या'सुद्धा बोलला नाही.

तोवर रांगेतल्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ ताईंच्या मुलीच्या शाळेत पोचला होता. मुलगी दहा वर्षांची. मराठी सगळं समजे, पण उत्तर जर्मनमध्येच. मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, तेव्हा तिने फोन आईसमोर धरला. "तू काय केलंस, ममा? हात वर का?"

ताईंनी व्हिडिओ संपेपर्यंत पाहिला. मग तिला जवळ ओढून म्हणाल्या, "नीट बघ. सगळे घाबरलेत. पोलीससुद्धा. कोण घाबरलं नाही?"

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "दू," ती म्हणाली. तू.

"घाबरले होते गं," ताई म्हणाल्या. "फक्त हातांना सांगितलं नव्हतं." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना तेव्हा प्रथमच असं पाहिलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. ग्राहक बिचकतात, ताईंच्याच सुरक्षेसाठी त्यांनी आतल्या कामावर यावं, पगार तोच. ताई म्हणाल्या, "माझा परवाना बरोबर होता. मी उभी राहिले तेही बरोबर. चुकीचं होतं ते जॅकेट. जॅकेट बदला, मला नाही." साहेब विचार करायला वेळ मागू लागले. तेव्हा दारात उभा असलेला मिशीवाला सहकारी खाकरला. "गेनाऊ," तो म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा त्याने वाक्य पुढे नेलं: "त्या आत बसल्या तर मीही आत बसतो."

जॅकेट आलं. ताईंच्या मापाचं, कमरेपर्यंतच, पाठीवर ठळक अक्षरं. ते घालून त्या त्याच सुपरमार्केटच्या दाराशी पुढची तीन वर्षं उभ्या राहिल्या. पोलीस थांबवायचे, पण कमी.

गेल्या वसंतात नवऱ्याला बॉनला कायमची नोकरी लागली. पिस्तूल, परवाना, जॅकेट सगळं कंपनीत जमा करून ताई निघाल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. मुलगी पुढे पळाली, ताई तिच्यामागे फलाटावरून चालत गेल्या. डाव्या हाताने बॅग ओढत होत्या. उजवा हात मात्र मोकळा असूनही अंगाला लागत नव्हता. कमरेपासून वीतभर लांब, तिथे अजून काहीतरी आहे असं समजून, तो हलत होता.