अक्काला विचारा

दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि आम्ही बिडकीनच्या रस्त्याला, नव्या प्लॉटिंगच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आलो. वडील नव्हते. माय बांधकामावर जायची. पलीकडं इमारती चढत होत्या आणि आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. अक्का माझ्यापेक्षा मोठी, पण जन्मापासून मतिमंद. तिची पाळी आली की कपडे भरायचे आणि धुवायला पाणी नसायचं. माय प्यायच्या घागरीतलं पाणी त्या कपड्यांवर ओतायची अन् रडायची.

टँकरवर बायका म्हणायच्या, "काढून टाक की तिची पिशवी. आम्ही नाय का काढल्या?"

खरंच होतं. मायची गर्भपिशवीही तिशीच्या आतच काढलेली. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. मामानं दवाखाना ठरवला.

"उद्या कुणी हिचं पोट वाढवलं तर निस्तरायचं कुणी?" मामा म्हणाला.

"पिशवी काढली म्हणजे हात लावणारा थांबतो का, मामा?"

"बी.ए. काय झाली, लई बोलायला लागली!"

झालेच होते बी.ए. आमच्या घरात पहिली. बोलणारच होते.

दवाखान्यात अक्काला हिरवा झगा चढवला होता. डॉक्टर म्हणाले, "आईनं सही केली की झालं."

"पिशवीला काही आजार आहे?" मी विचारलं.

"आजार नाही. पण तुमचा त्रास वाचेल."

"मग तिला विचारा."

"तिला काय कळणार?"

मायनं पेन हातात घेतलं. मी अक्कापुढं बसले. "अक्का, मायचं पोट फाडलं होतं, तसं तुझं फाडणार. मग पाळी यायची नाय. फाडू द्यायचं?"

अक्कानं मायच्या कमरेवर हात ठेवला. "नको. मायवानी कंबर दुखंल. मायची मी चोळते. माझी कोण चोळंल?"

ऑपरेशनपासून मायची कंबर धरलेली आणि रोज तेल लावून चोळायची ती अक्काच. ते दुखणं कशानं लागलं, हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"येड्या पोरीचं काय ऐकता!" मामा ओरडला.

मायनं पेन खाली ठेवलं. "ती नाय म्हणली, दादा." मग माझ्याकडं वळून, "काढ गं तिचा झगा."

पाण्याची तंगी पुढंही राहिली. कापड घ्यायचं, बदलायचं, उन्हात वाळवायचं, हे मी अक्काला शिकवलं. लई वेळ लागला, पण शिकली. तिचं ऑपरेशन झालं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.