पन्नाशीची करवली

मंदा गेल्याची बातमी मला आमच्या शाळेच्या मल्लय्याने दिली. मी सहावीच्या वर्गावर होते, म्हणजे तिच्याच वर्गावर, कारण डोकं दुखतंय म्हणून तिने सकाळी रजा कळवली होती. मल्लय्या दारात येऊन उभा राहिला आणि आपल्या नेहमीच्या खिचडी भाषेत म्हणाला, "बाई, जरा बाहर या ना... मंदाबाई गुजर गये." त्याला मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, त्यांना शेजारच्यांनी फोनवर, आणि शेजारच्यांना गोविंदरावांनी. म्हणजे वीसेक वर्षं एका टेबलाशी बसून तिची शेवटची बातमी मला चौथ्या माणसाकडून कळली. खरं सांगते, आधी हेच मनात आलं. रडू नंतर आलं.

गोविंदराव म्हणजे तिचे यजमान. लग्नाला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळी माणसं त्यांच्याभोवती होती. कोणी त्यांचा हात धरत होतं, कोणी पाणी पुढे करत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांच्या नात्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हणाले, "शाळेतली." दुसरं काय सांगणार होते? मैत्रिणीला सुतक नसतं, आणि मागे उरलेल्या मैत्रिणीकडे कोणी समाचाराला येत नाही.

मंदा परभणीची, मी इथलीच, बरकतपुऱ्यातली. काचीगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही एकाच वर्षी लागलो. दोघीही बिनलग्नाच्या राहिलो. मी भावाच्या घरी, ती आईबरोबर आणि आईनंतर एकटी. ती बुटकी, गोल, पदराला कायम खडू लागलेला. मी उंच, आणि मुलांच्या मते उभ्या पट्टीसारखी. मी मराठी शिकवायचे आणि तीही मराठीच शिकवायची, इथेच सगळं दुखणं सुरू झालं.

शनिवारी शाळा अर्धी. मुलं गेली की मल्लय्या इराण्याकडून चहा आणून द्यायचा आणि आम्ही शिक्षकांच्या खोलीत निबंधाच्या वह्या तपासत बसायचो. खिडकीखालून आगगाड्या जायच्या. माझ्या वर्गाच्या वह्या नेटक्या असत. मी मुद्दे देत असे, मुलं मुद्द्याला धरून लिहीत. चाळीस मुलांचा पाऊस एकाच पद्धतीने पडायचा. आणि समोर बसलेली मंदा तपासता तपासता एकदम थांबायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "निर्मला, ऐक गं."

मग ती वाचायची, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. 'माझे आजोबा फार शांत आहेत. ते आजीच्या आधी बोलत नाहीत आणि नंतर वेळ उरत नाही.' किंवा, 'मी पंतप्रधान झालो तर आधी आईला विचारीन.' एका मुलाने लिहिलं होतं, 'पाऊस पडला नाही तर आमचं छत चांगलं आहे असं बाबा सगळ्यांना सांगू शकतील.' त्या दिवसांत घरोघर केबल आली होती, तेव्हा दूरदर्शन शाप की वरदान हा विषय सगळ्याच शाळांत होता. माझ्या वर्गाने दोन्ही बाजू मांडून शेवटी वरदान ठरवलं. तिच्या वर्गातल्या कोणीतरी लिहिलं, 'आमच्याकडे केबल आल्यापासून शेजारचे काका आमच्याकडेच जेवतात, म्हणून केबल शाप आहे. तीच काकांकडे आली असती तर वरदान असती.'

मी हसायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे, आणि पोटात दुखायचंही. हसून नव्हे. तिच्याच वर्गाला हे कसं सुचतं? मुलं तीच, गल्ल्या त्याच, घरी तेलुगू आणि उर्दूत बुडवलेली मराठी बोलणारीही तीच. माझ्या वर्गातून मार्क यायचे, तिच्या वर्गातून हसू यायचं. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाली, "मी त्यांना सांगते, घरी जे झालं तेच लिहा. आई मारील असं वाटलं तर तेही लिहा, मी कोणाला नाव सांगणार नाही." आणि खरंच, तिने मला एकाही वाक्याचा धनी कधी सांगितला नाही. मी हरतऱ्हेने खोदून बघितलं. माझ्या वर्गात मी तिचंच वाक्य बोलून पाहिलं, 'घरी जे झालं तेच लिहा.' मुलांनी लगेच फळ्याकडे बघत विचारलं, "बाई, मुद्दे?"

पुढे ती एसटीडी बूथवर जायला लागली. गोविंदराव एका सरकारी कारखान्यात होते. तेव्हा जिकडेतिकडे माणसांना वेळेआधी घरी पाठवणं चाललं होतं, त्यात त्यांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि काचीगुडा स्टेशनच्या गल्लीत ही बूथची काचेची पेटी टाकली. विधुर माणूस, मुलगा कॉम्प्युटर शिकून परदेशी गेलेला. मंदा तिथून परभणीला बहिणीशी बोलायची. लाइन एंगेज लागली की स्टुलावर बसून राहायची. त्या वर्षी परभणीची लाइन भारीच एंगेज लागत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कळलं ते आबिड्सला, साड्यांच्या दुकानात. दुकानदाराने पुढ्यात ढीग घातला होता आणि ती म्हणाली, "दोन घेऊ. एक तुला."

"मला कशाला?"

"लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली आणि दुकानदाराला विचारलं, "भय्या, ये जांभळा और है क्या?"

मी त्या जांभळ्या साडीकडेच बघत राहिले. आनंद झाला असं लिहिणं सोपं आहे, लेखात शोभूनही दिसेल. मला आनंद झाला नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, या बयेला सगळं कसं मिळतं? मुलांची वाक्यं हिला, हसणं हिला, आणि आता पन्नाशीत नवराही हिलाच. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या बूथवाल्याला ही मिळणार होती.

लग्नात करवली कोण, यावर मंदाने कोणाचं ऐकलं नाही. नवरीच्या मागे हातात पाण्याचा करा घेऊन उभी राहते ती करवली, धाकटी बहीण नाहीतर भाची. परभणीच्या बहिणीची मुलगी तयार बसली होती. मंदा म्हणाली, "निर्मला उभी राहील." माझी वहिनी घरी पोट धरून हसली, पन्नाशीची करवली म्हणून. मी नाही म्हणून पाहिलं. "मग लग्नच नको," मंदा म्हणाली, आणि क्षणभर मला तो पर्याय चांगला वाटला.

तर मी उभी राहिले, तिने घेतलेली ती दुसरी साडी नेसून. सगळी सहावी लग्नाला आली होती, पहिल्या दोन रांगा अडवून बसली होती. ती बुटकी, तिच्यामागे मी. अंतरपाटाच्या पलीकडे गोविंदराव. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला...

लग्नानंतर ती दोघं तुळजापूरला गेली आणि तिचा वर्ग माझ्याकडे आला. निबंध होता, 'मी पाहिलेला समारंभ'. मी फळ्यावर मुद्दे लिहिले: मांडव, सनई, पाहुणे, जेवण, निरोप. सगळ्या वर्गाने फळ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि एकजात सगळ्यांनी बाईंचं लग्न लिहिलं. मुद्द्यांना कोणी हातही लावला नाही.

शनिवारी मी एकटी वह्या घेऊन बसले. 'अंतरपाट धरला तेव्हा बाई वाकून पलीकडे बघत होत्या. आम्हाला परीक्षेत असं बघू देत नाहीत.' पुढच्या वहीत, 'नवरदेव माझ्या आजोबांएवढे आहेत, पण त्यांना जिना चढता येतो.' आणखी एका वहीत, 'नवरदेवांना मधुमेह आहे म्हणून त्यांची जिलबी मला मिळाली. लग्न फार छान झाले.' एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ही वाक्यं माझ्या पुढ्यात आली होती, आणि 'ऐक गं' म्हणायला समोर कोणी नव्हतं. मी पाठ करून ठेवली.

मंदा परतली त्या शनिवारी मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मंदा, ऐक गं." तिने चहाची बशी खाली ठेवली. मी वाचत गेले आणि ती टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. शेवटी मी तेही वाचलं, न वाचून करते काय, ती कुठूनतरी ओढून काढणारच होती: 'सगळे हसत होते. फक्त निर्मलाबाई नवरदेवाकडे अशा बघत होत्या, की मला वाटले आता त्यांना बाकावर उभे करणार.'

मंदाने डोकं वर काढलं. "मग? केलंस का नाही?"

"करणार होते. पाहुणे होते."

ती आणखी हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "शनिवार तुझेच आहेत गं. ते मी हुंड्यात दिलेले नाहीत."

शनिवारी ती आलीही, एकही चुकवला नाही. पण आता तिचं लक्ष अधूनमधून खिडकीकडे जायचं. गोविंदराव स्कूटर घेऊन फाटकापाशी उभे असायचे. वर यायचे नाहीत, हॉर्नही वाजवायचे नाहीत, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. मी म्हणायचे, "जा, आली माझी सवत." ती वह्या पिशवीत भरायची. उरलेल्या घरी न्यायची, आणि मला वाटायचं, आता तिथे चष्मा कपाळावर जाईल, आता त्यांना 'ऐका हो' म्हणेल. माझं वाक्य माझ्या सवतीला मिळेल. दर शनिवारी घरी जाताना मी याचाच विचार करत जायचे.

आणि मग ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. शाळेत शोकसभा झाली, तिथेही पहिल्या रांगेत गोविंदरावांना बसवलं. मी सूत्रसंचालन केलं. तिची वेताची खुर्ची माझ्या समोर तशीच आहे, एक हात ढिला झालेली. तिच्या जागी आलेल्या नव्या बाई मधल्या सुट्टीत तिकडे वळल्या की मी पटकन माझी पिशवी त्या खुर्चीवर ठेवते. बिचाऱ्या दुसरीकडे बसतात. मुलीसारखी आहे, वाईट नाही, पण मी पिशवी ठेवते.

गेल्या शनिवारी मी एकटीच बसले होते, पिशवी तिच्या खुर्चीवरच होती, आणि दारात चपला वाजल्या. गोविंदराव होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जिना चढून वर आलेले. हातात कापडी पिशवी, तिच्यात सहावीच्या वह्या, तिने शेवटी घरी नेलेल्या. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या आणि तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

"बाई, एक पुसायचं होतं," ते म्हणाले. "ती संध्याकाळी आतल्या खोलीत वह्या घेऊन बसायची. तिथून हसू यायचं. एकटीच हसायची. मी पुसायचो, काय झालं? तर म्हणायची, 'हे शाळेतलं आहे. आधी निर्मला.' मी म्हणायचो, अगं नंतर तरी सांग. 'नंतर मजा जाते,' म्हणायची."

मी वह्यांची चळत सरळ केली.

"सालभर मी भिंतीआडून हसूच ऐकलं, बाई. काय होतं, ते मालूमच नाही. राग नका मानू, पण तुमचा लई हेवा वाटायचा मला. खाली फाटकाशी उभा असायचो, तर खिडकीतून दोघींचं हसणं यायचं."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका झाला की माझी मलाच लाज वाटली, आणि मग त्या आनंदाचं काय करावं ते कळेना. समोर हा माणूस, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. ज्याला मी इतके दिवस सवत म्हटलं, त्याला त्यातलं एक वाक्यही मिळालेलं नव्हतं. सगळीच्या सगळी माझ्याकडे होती.

"काही तरी सांगा ना," ते म्हणाले. "एखादं."

मला पुष्कळ आठवत होती. आजोबांचं होतं, केबलचं होतं. पण मी त्यांना त्यांचंच सांगितलं. 'सगळे हसत होते. फक्त निर्मलाबाई नवरदेवाकडे अशा बघत होत्या, की मला वाटले आता त्यांना बाकावर उभे करणार.'

गोविंदराव हसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या ढिल्या हातावर हात ठेवला. मग म्हणाले, "हौ, बरोबर लिहिलं पोराने. मंदा पडली बुटकी. अंतरपाट निघाला तर मला आधी तुम्हीच दिसलात." "तेव्हापासून उभाच आहे की, बाई... कुठे बसलो?"

खालून गाडी गेली. मग मी हात लांब केला आणि मंदाच्या खुर्चीवरची माझी पिशवी उचलली.

"बसा," मी म्हणाले. ते बसले. मी वरची वही उघडली, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले, "ऐका."