सातव्या मजल्यावरचं भरीत

आमच्या भागातली सात मजली इमारत रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे, असं मी जळगावभर सांगत फिरत होतो, तेव्हा मी तिचा जिनासुद्धा पुरता चढलेलो नव्हतो.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. फळ्यावर सरळ रेघ मारता येते म्हणजे आपल्याला स्थापत्यातलं सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता. त्यामुळे बिल्डर शेठने नकाशा उलगडला तेव्हा मी डोळे बारीक करून, मान वाकडी करून तो पाहिला आणि म्हणालो, "प्रमाणबद्धता चांगली साधलीय." शेठ खूश! (मी नकाशा उलटा धरला होता, हे बायकोने घरी आल्यावर सांगितलं.) सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि त्या दिवसापासून मी त्या इमारतीचा बिनपगारी वकील झालो.

विरोधी पक्ष म्हणजे नाना. नाना निवृत्त ओव्हरसीअर. त्यांनी आयुष्यभर सरकारी बांधकामं पाहिलेली, आणि फ्लॅट मात्र याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर घेतलेला. रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते इमारतीची एकेक खोड काढायचे. खिडक्या पश्चिमेला, जिना अंधारा, आणि मुख्य म्हणजे शेजारी शेठचीच जी दुसरी इमारत उठते आहे ती इतकी जवळ, की दोन्हींच्या मधून वारा भोंग्यासारखा वाजत घुसणार. मी म्हणायचो, नाना, याला खेळती हवा म्हणतात. टपरीवाला चहा द्यायचा आणि नानांच्या बाजूने मान हलवायचा.

पण माझा खरा प्रश्न नाना नव्हते, आबा होते. आबा म्हणजे माझे वडील. फैजपूरकडच्या गावात केळीची शेती. आई गेल्यापासून ते घरात एकटेच. भाकरी शेजारची बाई करून द्यायची आणि आबा ती कशाशीही खायचे. माझी बायको सुमन रोज म्हणायची, त्यांना इकडे आणा हो. मी आणायला गेलो की आबा म्हणायचे, "घर पाहू दे पहिले, मंग सांगतो." म्हणजे टपरीवर मी कितीही जिंकलो, तरी परीक्षक गावाकडेच बसलेला होता.

एका थंडीतल्या रविवारी आबा एसटीने आले. बरोबर पोतंभर हिरवी वांगी आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा. इमारतीखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं. मान मागे, आणखी मागे, टोपी खाली पडली. ती झटकून डोक्यावर ठेवत त्यांनी विचारलं, "यातलं आपलं कोन्तं?" मी बोट दाखवलं. आबांनी टोपी हाताने घट्ट धरून पुन्हा वर पाहिलं. मला ते कौतुक वाटलं.

वर गेल्यावर मी त्यांना खोल्या दाखवायला लागलो. सुमनने डोळ्यांनी खुणावलं की आधी पाणी तरी पिऊ द्या, पण मी प्रमाणबद्धतेत होतो. आबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबले. समोरच्या अर्धवट इमारतीचा स्लॅब आमच्या बरोबरीला आलेला, आणि दोन मजूर पाइपने त्यावर पाणी मारत होते. त्यातल्या एकाने आबांना रामराम केला. आबांनीही केला.

"त्या मानसाले आपल्या भाजीत मीठ कमी हाये हे तिथून समजते," आबा म्हणाले.

मी म्हणालो, आबा, शहरात असंच असतं. सुमनने विषय बदलायला वांगी काढली आणि गॅस पेटवला. इथे घात झाला. आबांनी गॅसकडे असं पाहिलं, जणू तिने घरात परकं माणूस आणून बसवलं.

"गॅसवर वांगं भाजता येते, पोरी. भरीत नही होत. ज्या घरात काड्या पेटवाले जागा नही, तिथं मी राहून काय करू?"

आणि त्यांनी पिशवी उचलली. दुपारची एसटी होती. सुमनचं तोंड एवढंसं झालं. मला कळलं, आत्ता हे गेले की परत येणार नाहीत. मग मी माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं वाक्य बोललो. "आबा, या इमारतीला गच्ची आहे!"

वांगी आणि काड्या घेऊन तिघं गच्चीवर गेलो. आबांनी टाकीच्या आडोशाची जागा निवडली. तीच बरोबर होती. पण मला खेळती हवा सिद्ध करायची होती ना! मी अर्ध्या काड्या उचलल्या आणि थोड्या वांग्यांभोवती गच्चीच्या त्या टोकाला रचल्या, जिथून समोरची इमारत हाताच्या अंतरावर होती. काडेपेटी ओढली. दोन इमारतींच्या मधून नानांचा तो वारा आला आणि काड्या एकदम भडकल्या. ज्वाळा पुरुषभर उंच! धुराचा लोट आधी माझ्या तोंडावर, मग कठड्यावरून खाली, आणि तिथून प्रत्येक मजल्याच्या खिडकीत शिरला. खालून कोणीतरी ओरडलं, सातव्या मजल्याला आग लागली.

समोरच्या मजुरांनी ऐकलं, पाहिलं आणि पाइप फिरवला. त्यांची काय चूक? पाणी थेट आमच्यावर आलं. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होतो. त्यांना वाटलं, मास्तर वाचवा वाचवा म्हणतायत. त्यांनी पंपाचा जोर वाढवला. काड्या विझल्या, सुमन भिजली, आबा भिजले, आणि मी तर अंघोळीला बसल्यासारखा कठड्याला टेकून खाली बसलो.

तेवढ्यात जिन्यातून माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या हातात भरलेली बादली. त्या इमारतीत आम्ही सगळे नवे, कोणाला कोणाचं आडनाव माहीत नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावरचे, पाचव्यावरचे, सगळे धापा टाकत वर आले. नाना सगळ्यांच्या पुढे, बनियनवर. शेवटी बिल्डर शेठ आला. तो नेमका खाली दोन गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवत होता. त्याने राखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, तुम्ही तर आपले होते," एवढंच तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. आता आबा पिशवी उचलणार.

आबा राखेपाशी उकिडवे बसले होते. काडीने त्यांनी एक वांगं बाहेर ओढलं, काळंठिक्कर साल सोलली, आत बोट घातलं. आतून मऊ, वाफाळतं. "जमलं," ते म्हणाले आणि सुमनला मिरच्या, लसूण आणि कांद्याची पात आणायला पाठवलं. आगीत घातलेली वांगी विझायच्या आत भाजून निघाली होती, पण पोतं अजून भरलेलंच होतं. उरलेल्या कोरड्या काड्या टाकीच्या आडोशाला पेटल्या, त्यावर बाकीची झाली. कोणी पुऱ्या आणल्या, कोणी भाकरी. आबांनी समोरच्या मजुरांना हाक मारून बोलावलं; ज्यांनी विझवलं त्यांना पहिलं ताट. मग प्रत्येकाला ते गाव विचारत गेले. कोणी पहूरचा निघाला, कोणी दोंडाईच्याचा. बादल्या उलट्या करून लोक त्यावर बसले होते. आमच्या इमारतीची पहिली पंगत ती. शेठनेही दोनदा भरीत घेतलं, मात्र माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी आबा खाटेवर आडवे झाले. एसटी केव्हाच निघून गेली होती. मी पायाशी बसलो. विचारायचं धाडस होत नव्हतं.

तेच म्हणाले, "बिल्डिंग बेकार हाये तुही. नाना म्हन्ते ते खरं हाये."

"मग?" मी विचारलं.

"पन धूर दिसला अन् सारे बादल्या घेऊन पयत आले. मले अजून काय पाहिजे? राह्यतो मी."

मला रडू आलं. धुराने डोळे झोंबतायत असं सांगून मी वेळ मारून नेली. सुमनने मात्र सरळ डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या दिवशीच आबांच्या नावाचा वेगळा तांब्या घेऊन आली.

आठवड्याभरात आबा आणि नाना जिवलग मित्र झाले. दोघांनी शेठला गाठलं आणि नव्या इमारतीच्या पायथ्याशी सगळ्यांना बसायला एक ओटा बांधायचं कबूल करून घेतलं. शेठ तयार झाला. नाना आराखडा काढायला बसणार, तेवढ्यात आबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमचं पोरगं काढीन ना. चित्रकलेचं मास्तर हाये."

मी जीव ओतून काढला. लांबी-रुंदी प्रमाणात, कडेला नक्षी, पाठीला टेकायला उतार. शेठने तसाच्या तसा बांधला. एप्रिल उजाडला तेव्हा कळलं की मी तो पश्चिमेला तोंड करून काढलाय. जळगावात!

आबा आणि नाना टपरीच्या बाकावर बसायला लागले. ओट्यावर दुपारी साऱ्या इमारतीच्या बायका पापड घालतात. उलटवावेसुद्धा लागत नाहीत, आणि त्या मला भेटल्या की मनापासून म्हणतात, मास्तर, काय जागा काढलीत!